गाळसाहेबांचं प्रदर्शन

"आणि हा चमचा." गाळसाहेबांनी चमचा उंच धरला. "चांगला जाडजूड स्टीलचा आहे. याच्यापायी कुणाच्या घरात सुनेवर आळ आला असेल, देव जाणे!"

सोसायटीचा हॉल हसला. गाळसाहेब शहराच्या सांडपाणी केंद्रावर इंजिनियर होते. हे टोपणनाव त्यांचं त्यांनीच ठेवलेलं. लोक मागून ठेवणारच, त्यांना कशाला तसदी? घराघरांतल्या संडासांतून, मोऱ्यांतून वाहत आलेलं पाणी केंद्रावर आधी एका मोठ्या जाळीतून जातं, आणि जे नळीत जायलाच नको होतं ते तिथे अडकतं. त्यातलं निवडक धुऊन, पिशवीत घालून गाळसाहेब भाषणं देत फिरायचे. आजचं भाषण खुद्द त्यांच्या सोसायटीत होतं. गेल्या आठवड्यात इथली लाइन तुंबली आणि तळमजल्यावरच्या मोऱ्यांतून सगळं उलटं वर आलं, तेव्हा कुठे लोकांना आपल्याकडे एक गाळसाहेब राहतात याची आठवण झाली.

"माझ्या नाकानं केव्हाच स्वेच्छानिवृत्ती घेतलीय," ते म्हणाले. "घरात दूध करपलं तरी पत्ता लागत नाही. बायको म्हणते, यांना एरवी तरी काय कळतं? उगाच नाकाचं निमित्त."

पहिल्या रांगेतल्या बायकोनं जोरजोरात मान डोलावली.

मागे भिंतीला टेकून त्यांचे वडील, बाबा, बसले होते. मफलर पार नाकापर्यंत. गाळसाहेबांची नजर सारखी तिकडेच जात होती. बाबांनी जेवण टाकलं होतं. ताट खोलीत मागून घ्यायचे आणि ते जवळजवळ तसंच परत यायचं. दूध आणि चहा, बस. विचारलं की "भूक नाही." घसा धरलाय म्हणून बोलणंही बंद. सदरा खांद्यांवरून लोंबायला लागला होता. गाळसाहेबांनी मनात आणू नयेत ते सगळे आजार मनात आणून झाले होते. उद्या सकाळची डॉक्टरांची वेळ घेतली, तर बाबा यायला तयार नाहीत. त्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, म्हणजे गाळसाहेब एकटेच भांडले.

आज मात्र नवल घडलं. सकाळी गाळसाहेब बायकोला सांगत होते, "आज पिशवीत नवा माल आहे, परवाच सापडलाय. हॉल लोळतो की नाही बघ." तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला. आणि संध्याकाळी बघतात तर चपला घालून दारात उभे! तेवढ्यानंसुद्धा गाळसाहेबांना भरून आलं. आज बाबांना हसवायचंच, असं त्यांनी ठरवून टाकलं. बाकीचा हॉल लोळला काय आणि न लोळला काय.

"माझ्या घरच्या संडासाच्या दारावर पाटी आहे," ते म्हणाले. "शी, शू आणि पाणी. चौथ्याला प्रवेश नाही. बायकोनं एकदा कापसाचा बोळा टाकला, तर मी आठवडाभर तेच दळण दळत होतो. मुलगी तर आल्यागेल्याला सांगते, आमच्याकडे आत जाताना जपून, पप्पा तपासणीला बाहेर उभे असतात."

खरं म्हणजे यात विनोद काहीच नव्हता. ते खरोखरच उभे राहायचे. पण हॉल खो-खो हसला. बाबा नाही.

"आता नवा माल!" गाळसाहेबांनी पिशवीत हात घातला आणि एक कवळी बाहेर काढली. वरच्या दातांची, गुलाबी हिरड्यांची, अगदी शाबूत. "घाबरू नका, तीनदा उकळलीय. या हॉलमध्ये माझ्यापेक्षा स्वच्छ आहे." मग त्यांनी ती बोटांवर चढवली, अंगठ्याचा खालचा जबडा केला आणि बारीक आवाजात तिला बोलतं केलं, "मला घरी न्या हो, घरी न्या!"

हॉल लोळला. सेक्रेटरींनी चष्मा काढून डोळे पुसले. बाबा कवळीकडे टक लावून बघत होते, पण हसले नाहीत. गाळसाहेबांना ते फार लागलं. त्यांनी आवाज आणखी चढवला.

"आणि हिचा मालक? तो बसला असेल घरात तोंड मिटून! शिंक आली, सटकली, गेली. सांगणार कुणाला बिचारा? घरात माझ्यासारखा एखादा तोंडाळ असणार. त्याचं भाषण ऐकण्यापेक्षा उपाशी राहिलेलं परवडलं!"

टाळ्या पडल्या. मागे खुर्ची सरकली. बाबा उठले आणि खुर्च्यांचा आधार घेत घेत पुढे यायला लागले. लोकांना वाटलं, लेकाची पाठ थोपटायला येतायत. त्यांनी कौतुकानं वाट करून दिली. गाळसाहेबांना वाटलं, चक्कर आली.

"बाबा, काय होतंय? बसा बघू आधी."

बाबांनी मफलर खाली ओढला. वरचा ओठ आत गेला होता. नाकाखालचा सगळा चेहरा मिटल्यासारखा झाला होता. कोण काय टाकतं ते जाळीवरून ओळखणाऱ्या गाळसाहेबांनी घरातल्या या एका तोंडाकडे कधीपासून बघितलंच नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कवळी अजून बोटांवरच होती. मागच्या रांगा अजून हसत होत्या.

"तीनदा उकळलीय म्हणालास ना?" बाबा म्हणाले. शब्दांबरोबर नुसती हवाच बाहेर येत होती. "मग दे इकडे. भूक लागलीय रे."