न दाबलेला पाव

जनार्दनचा डावा हात धपकन पावावर पडला आणि पाव चपटा झाला.

"मेल्या, परत दाबलास!" गल्ल्यावरचा हुसैनमियाँ कळवळला.

मस्कतच्या हमरिया भागातल्या त्या एवढ्याशा वडापावच्या दुकानात सकाळी दहाला चारच माणसं होती. ओट्यामागे गुहागरचा जनार्दन, गल्ल्यावर दाभोळचा हुसैनमियाँ, टेबलापाशी दुकानाचा ओमानी मालक, म्हणजे या दोघांचा अर्बाब, आणि अर्बाबच्या शेजारी राहणाऱ्या व्हिएतनामच्या लानबाई. दाराशी शावरमाचं यंत्र खोक्यात उभं होतं. बोली सरळ होती. जनार्दनने केलेला पाव खाऊन बाईंनी 'हाच आमचा बान मी' म्हटलं, तर खोकं परत. नाही म्हटलं, तर यंत्र आत आणि जनार्दन विमानात.

बान मी म्हणजे फ्रेंचांनी तिकडे नेलेला लांब पाव, व्हिएतनामच्या लोकांनी पिसासारखा हलका केलेला. आत चिकन, काकडी, कोथिंबीर, हिरवी मिरची, व्हिनेगर-साखरेत मुरलेल्या गाजर-मुळ्याच्या काड्या. वरचं कवच पापडासारखं मोडायला हवं. पण सव्वीस वर्षं वडापाव बांधलेल्या हाताला हे कोण सांगणार? पाव भरला की वरून तळव्याचा एक दाब, ही त्याची खोड.

मस्कतच्या दमट हवेत तसं कवच आणायला जनार्दन सतरा दिवस भट्टीशी भांडला होता. तिसऱ्या दिवशीच्या पावाने हुसैनमियाँने भिंतीत खिळा ठोकला. नवव्या दिवशीचा पाव एका मांजराने हुंगला आणि ते उठून डोंगरापलीकडे अल अमेरातला राहायला गेलं. आज मात्र तीन पाव असे उतरले होते, की नुसतं बोट लावलं तरी कुरकुरत.

त्यातला एक आता गेला.

जनार्दनने दुसरा घेतला. चिरला, भरला, मिटला. धप्.

लानबाईंनी डोळे मिटून घेतले.

"खलास, जनार्दन," अर्बाब म्हणाला. "तू चांगला माणूस आहेस. पण वडापावचा माणूस आहेस."

"अजून एक पाव आहे, अर्बाब."

"आणि हात तोच आहे."

जनार्दनने हाताकडे बघितलं, दारू पिऊन लग्नात आलेल्या मेव्हण्याकडे बघावं तसं. मग एप्रन काढून हुसैनमियाँपुढे धरला.

"मियाँ, बांध."

"काय?"

"हा हात. पाठीमागे. गाठ घट्ट मार."

"कॅरममध्ये याच हाताने मला रडवलंयस," हुसैनमियाँ उठला. "आज सूड घेतो."

एका हाताने पाव चिरायचा म्हणजे मासा पोहत असताना खवलं काढायची. पाव ओट्यावरून पळत होता, सुरी त्याच्या मागे. दोनदा तो काठावरून वाचला. तिसऱ्यांदा लानबाईंना राहवेना. त्या ओट्यामागे आल्या, हात धुतले आणि दोन बोटांनी पाव धरला.

"स्लोली," त्या म्हणाल्या.

त्याने चिरला. चिकन ठेवलं, गाजर-मुळा ठेवला, कोथिंबिरीच्या तीन काड्या ठेवल्या. बाईंनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याने मूठभर ठेवली. पाव मिटताना पाठीमागचा हात एकदा जोरात उसळला. गाठ टिकली.

जनार्दनने तिरकी सुरी फिरवून दोन भाग केले. लानबाईंनी एक उचलला आणि उभ्या उभ्याच चावला.

कर्रकन आवाज झाला. समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली, ती म्हणे रुवी गाठेपर्यंत खाली बसली नाहीत. बाईंच्या शर्टावर कवचाचा चुरा सांडला. त्यांनी दुसरा घास घेतला. तिसरा.

"मॅडम, हाच का?" अर्बाबने विचारलं.

अर्बाबने ताटलीतल्या दुसऱ्या भागाकडे हात नेला. लानबाईंनी चावणं न थांबवता ताटली आपल्याकडे ओढली.

अर्बाबने रिकामा हात मागे घेतला.

"जनार्दन, माझ्यासाठी एक कर."

"पाव खलास, अर्बाब. उद्या सकाळी सातला या."

अर्बाबने खोक्याला खांदा लावला आणि ते दाराबाहेर सरकवता सरकवता मान वळवली.

"थोडा आधी आलो तर चालेल?"