खिडकीवरचा नकाशा

सकाळचे ऊन आधी समोरच्या पाण्याच्या टाकीवर आले, मग जिन्याच्या कठड्यावरून उतरत आरोग्य कार्यालयाच्या खिडकीपाशी येऊन थबकले. खिडकीला पडदा नव्हता. काम संपल्यावर तरुण तपासनिसाने रुग्णांच्या घरांवर टोचलेल्या टाचण्या काढून वस्तीचा नकाशा तिथे टांगला होता. तेवढाच उन्हाला आडोसा. कागद हळूहळू मधाच्या रंगाने उजळला. गल्ल्या, विहीर, कारखान्याचे कुंपण त्यात शिरांसारखे उमटले. आणि जिथे जिथे टाचण्या होत्या, तिथल्या बारीक भोकांतून प्रकाशाचे ठिपके टेबलावर उतरले.

त्याने ते मोजले नाहीत. चहाचा कप उचलून त्यांतल्या एकावर ठेवला.

"झालं का?" वरिष्ठ दारातूनच म्हणाले. "लाखात एखाद्याला होणारा आजार, एका वस्तीत पाच रुग्ण. पाच म्हणजे योगायोग. सहा म्हणजे विहीर उपसा, माती खणा, कारखानदाराचे फोन घ्या. कर सही."

"त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी..."

"निदान झालं तेव्हा पत्ता कुठला होता? मामाचा. मग ती मामाच्या गावची. नियम तू केलास का? नाही ना? मग विकतचं दुखणं कशाला घेतोस?"

त्याने सही केली. वरिष्ठ अहवाल काखेत मारून निघून गेले.

थोड्या वेळाने तीच बाई आली. खुर्चीच्या अगदी कडेला बसली. गळ्यातला मापाचा टेप काढायचे विसरली होती.

"अहवाल झाला म्हणे, साहेब?"

"हो. आजच."

"तुम्ही घरी आलात तेव्हा म्हणाला होतात, सहा भरले की विहीर तपासतात. थोरली तर गेली माझी. पण धाकटी त्याच विहिरीचं पिते हो. उकळून देते मी. उकळून जातं का ते, कुणी सांगत नाही." ती ओशाळून हसली. "शेजारीण म्हणते, सरकारी काम अन् सहा महिने थांब. मी म्हटलं, तो मुलगा तसला नाही. बोलताना मान वर करत नाही, पण लिहितो सगळं."

त्याने मान वर केली नाही. ऊन सरकले तसा ठिपका कपाखालून डोकावू लागला होता; त्याने कप दोन बोटे पुढे ढकलला.

"ताई, नियमाप्रमाणे..."

"अहो, गारढोण झाला की चहा. आधी तो घ्या बघू," ती म्हणाली आणि तिनेच कप उचलून त्याच्यापुढे धरला.

ठिपका तिच्या मनगटावर पडला. तिने आधी मनगटाकडे पाहिले, मग वळून नकाशाकडे. विहिरीलगतच्या कोपऱ्यातले ते भोक तिला लगेच ओळखू आले.

"हे आमचंच घर ना, साहेब? म्हणजे धरलंत तुम्ही तिला."

तिचा चेहरा एवढा निवला की त्याला तिच्याकडे बघवेना. गार चहाचा कप हातात घेऊन तो तसाच बसून राहिला. गेला आठवडाभर तो स्वतःला एकच गोष्ट बजावत आला होता: पत्ता बसत नाही.

मुलगी याच घरात आजारी पडली होती. मामाकडे तिला नेले, ते तिथून दवाखाना जवळ होता म्हणून.