न कापलेली पानं

"म्हातारबा, त्या पिंपावर बस," लेम्युअल प्रिंडल म्हणाला. "खुर्च्या गिऱ्हाइकांसाठी आहेत."

ॲम्ब्रोझ टिली पिंपावर बसला. म्हणे म्हातारबा! दोघे साधारण एकाच वयाचे. पण अकरा वर्षं लुइझियानातल्या उसाच्या मळ्यात गुलाम म्हणून राबलेल्या माणसाचे केस कशाला काळे राहतात! प्रिंडलने त्याला ओळखलं नाही, आणि ॲम्ब्रोझला तेच हवं होतं.

भर दुपार होती. टपालगाडी बर्फात अडकली होती, त्यामुळे वर्तमानपत्र आलं नव्हतं आणि शेगडीभोवती जमलेली मंडळी चुळबुळ करत होती. कालव्याकाठच्या या गावात वर्तमानपत्र वाचायचं ते प्रिंडलनेच, त्याच्याच दुकानात, मोठ्याने. तो चर्चचा डीकन, म्हणजे तिथला मानकरी. आवाज घंटेसारखा खणखणीत, आणि त्या आवाजावर सगळ्यात जास्त प्रेम त्याचं स्वतःचंच. ॲम्ब्रोझ तीन दिवस गावात होता. एवढं त्याने पहिल्याच दिवशी हेरलं होतं.

विधवा बॅबकॉकबाईंनी शालीतून पुस्तक काढलं. "डीकन, आज हे वाचा. सकाळीच ह्याच्याकडून घेतलं. आपबीती आहे म्हणे ह्याची."

"मीही घेतलंय," हगिन्स लोहार म्हणाला. "सगळ्या गल्लीने घेतलंय. उघडलं मात्र कुणीच नसेल."

"ह्या लोकांच्या कहाण्या म्हणजे एकाच माळेचे मणी," प्रिंडल हसला. "एक ऐकली की सगळ्या ऐकल्या." पण पुस्तकासाठी हात पुढे आलाच होता. "कुठून वाचू रे?"

"चौथं प्रकरण लोकांना आवडतं, साहेब."

"ह्याची पानं तर कडेला जोडलेलीच आहेत."

"कापायची राहिली, साहेब."

राहिली कसली! छापखान्यातून आलेल्या प्रत्येक प्रतीची पानं ॲम्ब्रोझने स्वतः कापली होती. फक्त ही चार त्याने मिटलेली ठेवली होती, आधी कुणी वाचू नयेत म्हणून.

प्रिंडलने खिशातून चाकू काढला. ॲम्ब्रोझची नजर त्या पात्यावर खिळली. अकरा वर्षं त्याने एकच स्वप्न पाहिलं होतं. त्यात चाकू त्याच्या हातात असे आणि गळा ह्या माणसाचा. सुटून आल्यावर तो आधी वकिलाकडे गेला. वकील म्हणाला, गुन्हा देशाच्या राजधानीत घडला, आणि तिथल्या कोर्टात गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष चालत नाही. देवाचे आभार मान आणि घरी जा. ॲम्ब्रोझ घरी गेला आणि दोन वर्षं लिहीत बसला. कोर्टाने जे ऐकलं नाही, ते ह्या माणसाच्या गावाला त्याच्याच तोंडून ऐकवायचं होतं. आज ते साधलं नाही तर पुन्हा साधणार नव्हतं.

प्रिंडलने पानं कापली, चाकू गल्ल्यावर ठेवला, घसा साफ केला.

"'मी जन्माने स्वतंत्र माणूस. पिंपं बनवणं हा माझा धंदा. राजधानीत तीन आठवड्यांचं काम आहे, असं सांगून एका गृहस्थाने मला सोबत नेलं. पहिल्याच संध्याकाळी त्याने मला स्वतःच्या हाताने पेला भरून दिला. शुद्धीवर आलो तेव्हा पायांत बेडी होती. भिंतीपलीकडे तोच गृहस्थ कुणाला तरी माझं वर्णन वाचून दाखवत होता. उंची, दात, दंडातली ताकद. वाचायचा फार छान.'"

"मेल्याला नरकातही जागा मिळू नये," बॅबकॉकबाई म्हणाल्या.

हे ऐकून प्रिंडल किंचित थबकला. पण रंगलेला वाचणारा तो. डोक्यात प्रकाश पडेपर्यंत जीभ पुढे गेली होती.

"'त्याच्या डाव्या हाताची करंगळी वाकत नसे. पेला धरला की ती ताठ उभी राही.'"

आवाज थांबला.

पुस्तक प्रिंडलच्या डाव्या हातात होतं. चार बोटं त्याला धरून होती, आणि करंगळी ताठ उभी होती. ती करंगळी गावात सगळ्यांना ठाऊक होती. शाळेतली पोरं पाण्याचा पेला तसाच धरून डीकनची नक्कल करत. प्रिंडलने ती पुस्तकाखाली लपवू पाहिली. पण मुळात वाकणारी नव्हतीच ती.

"पुढे वाचा ना, डीकन," बॅबकॉकबाई हळूच म्हणाल्या. "पुढे नाव असेल."

"उजेड कमी आहे."

"दुपारचे दोन वाजलेत," हगिन्स म्हणाला.

प्रिंडलने शेगडीचं दार उघडलं आणि पुस्तक आत फेकलं.

"माझं होतं ते," बॅबकॉकबाई म्हणाल्या.

"चला बाई, माझं आहे घरी." हगिन्स उठला. दारापर्यंत गेला, परत आला आणि गल्ल्यावरचा चाकू उचलला. "हा नेतो, डीकन. पानं कापायचीत." त्याच्या मागोमाग बाकीची मंडळीही निघाली. जाताना कुणीही डीकनचा निरोप घेतला नाही.

दुकानात दोघेच उरले. प्रिंडलने आता कुठे ॲम्ब्रोझकडे नीट पाहिलं.

"कोण तू?"

"आत्ता तुम्हीच वाचून दाखवलंत की, साहेब."

ॲम्ब्रोझ पिंपावरून उठला. गिऱ्हाइकांची एक खुर्ची त्याने खिडकीपाशी ओढली आणि तीवर ऐसपैस बसला. समोर हगिन्सच्या घरात शिरण्यासाठी सगळ्यांची दाटी झाली होती.

"चारच पानं आहेत," तो म्हणाला. "लोहार कसा वाचतो हो, साहेब? भरभर, की लागेल वेळ?"