चार दहाची गाडी

हिरवा रंगवलेला भुसा. आगकाड्यांचे स्लीपर. १९८४चं वेळापत्रक. बशीने झाकलेला चहा.

गावच्या बंद पडलेल्या रेल्वेचं मॉडेल मी अकरा वर्षं खपून बनवलं. ते बरोबर आहे, असं तिथल्या शेवटच्या स्टेशनमास्तरांनी, उमाळेकाकांनी, म्हणायचं बाकी होतं.

चार दहा झाले. काका टेबलावर वाकले. मी बटण दाबलं नाही.

"बिघडली का रे?"

"नाही काका. ही गाडी रोज चाळीस मिनिटं लेट असायची."

"अहो, म्हणून पाहुण्यांना ताटकळत ठेवायचं?" बायको म्हणाली.

काका मात्र खुर्ची ओढून निवांत बसले. चार पन्नासला गाडी निघाली, तेव्हा त्यांनी पिशवीतून हिरवा झेंडा काढून दाखवला.

"बरोबर," ते म्हणाले.

लाइन बंद झाली त्या दिवशी शेवटची गाडी वेळेवर सुटली. मी साडेचारला पोचलो होतो.