जांभळी काच, निळी काच

"साहेब, त्या बाईचं बाळ सातव्या महिन्यात झालं, ते तुमच्या निळ्या रंगामुळे."

घारीने हे बसायच्या आधीच सांगून टाकलं. तसं बसायला कुणी सांगितलंही नव्हतं. साहेब फायलीतून मान वर न करता म्हणाले, "बाई, आधी दार लावा."

तपासणीच्या खोलीत तिला सगळे घार म्हणत. बायकांच्या योनीतला स्राव काचेवर पसरायचा, रंगवायचा, मायक्रोस्कोपखाली धरून त्यात जंतू शोधायचे, हे तिचं वीस वर्षांचं काम. पेशीच्या कडेला धुळीसारखे चिकटलेले जंतू तिच्या नजरेतून सुटत नाहीत, अशी ख्याती. नवरा म्हणायचा, हिच्याशी खोटं बोलायचं तर पाठमोरं उभं राहावं लागतं.

गेला महिनाभर प्रत्येक बाईच्या दोन काचा होत होत्या. एक जुन्या पद्धतीची, चार बाटल्यांची: जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटने धुवायचं, शेवटी लाल. दुसरी नव्या पद्धतीची. एकच बाटली, निळी, मिनिटात तयार. दोन्हींचा ताळा जमला की जुनी पद्धत बंद करायची, असं ठरलं होतं. पण वरच्यांना धीर कुठला? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. ताळा व्हायच्या आधीच हुकूम आला, बाईच्या हातात द्यायचा रिपोर्ट निळ्या काचेचाच.

सकाळी ती जांभळ्या काचा बघायची. डबा खाऊन झाला की निळ्या रंगवायच्या आणि पाचपर्यंत त्या संपवायच्या. साठ आणि साठ. आधीही दिवसाला एकशेवीसच असायच्या, सगळ्या जांभळ्या; ताळ्याच्या महिन्यापुरत्या निम्म्या बायका दुसऱ्या दवाखान्यात पाठवल्या होत्या. शेजारची, दुसऱ्या तपासनीसाची जागा सहा वर्षं रिकामी होती. ती भरा म्हणून तिने इतके अर्ज केले होते की शिपायालाही त्यातला मजकूर पाठ झाला होता.

एकीचं बघून दुसरीचं लिहिलं जाऊ नये म्हणून नर्सबाई काचांवर वेगवेगळे आकडे घालायची. कुठली काच कुणाची, ते फक्त तिच्या वहीत. महिना संपला तेव्हा तिने वही उघडली आणि आकडे जुळवले.

"अगं, अकरा बायका निघाल्या. जांभळ्यात जंतू आहेत, निळ्यात काही नाही."

"आणि उलट?"

"उलट एकही नाही."

"मग रंगच आंधळा आहे तो."

"त्यातली एक पोटुशी होती. 'काही नाही' लिहून आपण तिला घरी पाठवली. ना गोळ्या, ना काही. या जंतूंनी दिवस भरायच्या आधीच कळा येतात, माहीत आहे ना. परवा बाळंत झाली. पोर काचेच्या पेटीत आहे."

"आपण नाही पाठवलं. त्यांनी पाठवलं."

नर्सबाईने वही मिटली. "मग तू जाऊन बोल. माझ्या पेन्शनला दोनच वर्षं राहिलीत."

म्हणून आज ती साहेबांसमोर उभी होती.

"पुरावा?" साहेबांनी विचारलं.

"त्या अकरा निळ्या काचा वेगळ्या ठेवल्यात. उद्या सकाळी या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्यात एक जंतू दिसला तर नोकरी सोडते."

"शब्द जपून वापरा, बाई."

"आजवर जपूनच वापरले. काय मिळालं?"

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता साहेब आले. घारीने भिंग पुसलं, पहिली काच लावली आणि स्पष्ट दिसेपर्यंत स्क्रू फिरवला. साहेब मागे घड्याळ बघत उभे.

"लागली का?"

तिने काच काढली, दुसरी लावली. मग तिसरी. नर्सबाई जवळ सरकली. "काय गं?"

घारीने अकराच्या अकरा बघितल्या. रंग चांगला बसला होता. प्रत्येक काचेवर पेशींच्या कडा जंतूंनी बरबटलेल्या होत्या, शेंबड्या पोरालाही दिसल्या असत्या.

ती उठली. साहेबांनी वाकून दोन काचा बघितल्या आणि ताठ झाले.

"दिसतायत की. स्वच्छ दिसतायत. म्हणजे रंगात दोष नाही?"

"नाही."

"मग यांवर 'काही नाही' कुणी लिहिलं?"

"मीच. दुपारी."

साहेबांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. आवाज एकदम मायेचा झाला. "दमता हो तुम्ही. होतं असं. नोकरीचं बोललात ते मी ऐकलंच नाही. उद्यापासून निळ्या काचा सकाळी बघत जा. विषय संपला."

ते निघाले. घार दारात आडवी उभी राहिली. कालचा राग तिच्यात राहिला नव्हता, नुसता थकवा होता.

"साहेब, हा निळा रंग महिन्यापूर्वी आला. त्याआधी सहा वर्षं मी एकटी रोज दुपारीही काचा बघतच होते, जांभळ्या. तेव्हा ताळ्याला दुसरी काच नव्हती. त्या दुपारच्या बायकांना परत तपासायला कोण बोलावणार, ते सांगा आणि मग जा."