आठ सत्ते छप्पन्न

फोन वाजला तेव्हा ती उकडलेली अंडी डब्यात भरत होती आणि नवरा बुटांच्या नाड्या बांधत होता. अकरा आठवड्यांनी दोघांच्या वाट्याला एकच रविवार आला होता. तळ्यावर जायचं, पाण्यात पाय सोडून बसायचं आणि दिवसभर कुणाला तोंड दाखवायचं नाही, असा बेत होता.

“मॅडम, चौदा नंबरचा ड्रायव्हर तापाने फणफणलाय,” बस डेपोतला कारकून म्हणाला. “राखीव यादीत पहिलं नाव…” पुढचं बोलायला त्याची जीभ रेटेना.

“माहीत आहे. यादी मीच केलीय. येतील ते.”

डेपोतल्या ड्रायव्हरांच्या ड्यूट्या तीच लावायची. नवऱ्याला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून राखीव यादीत त्याचं नाव ती कायम सगळ्यांच्या वर टाकत असे. त्याच्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आजवर निभावलं होतं.

“यादीत दुसरं नाव नव्हतं का गं?” नवऱ्याने नाडी तशीच सोडून विचारलं.

“होतं. त्यालाही बायको आहे.”

तो उठला आणि खाकी शर्ट घालू लागला. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. हा माणूस कोणत्या मिनिटाला कोणत्या वळणावर असतो ते तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण ती घरी यायची तेव्हा तो ड्यूटीवर, आणि तो यायचा तेव्हा ती झोपलेली. गेले अकरा आठवडे नवरा तिला कागदावरच भेटत होता.

तिने डबा पिशवीत टाकला, थर्मास काखेत मारला आणि चपला घातल्या.

“तू कुठे निघालीस?”

“सहलीला. चौदा नंबरने.”

चौदा नंबर तळ्याकडे जात नाही, गोदामांकडे जाते, हे तो सांगायला गेला नाही. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला की वाद घालायचा नसतो, एवढं तो लग्नानंतर महिन्याभरातच शिकला होता.

स्टाफचा पास असूनही तिने दिवसभराचं तिकीट काढलं. सुट्टीवर होती ना. ती ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर बसली. डोक्यावर पाटी होती: चालकाशी बोलू नये. ती अर्धा तास चकार शब्द बोलली नाही. त्याच्या मानेवरचे केस बरेच वाढलेत, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं.

शेवटच्या थांब्यावर गोदामाची लांबलचक भिंत, एक गळका नळ आणि फळी निखळलेला बाक. दोघं बाकावर टेकली. तिने अंडं काढून दिलं, चहा ओतला. पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच तो उठला.

“वेळ झाली.”

“इतक्यात?”

“सात मिनिटं. पूर्वी पंधरा होती.”

पंधराची सात तिनेच केली होती, गेल्या वर्षी. चहा प्यायला पंधरा मिनिटं कशाला लागतात, असं भर मीटिंगमध्ये म्हणाली होती. तेव्हापासून उशीर झाला की ड्रायव्हर कारणाच्या रकान्यात ‘शेवटच्या थांब्यावर वेळ अपुरा’ असं लिहीत, आणि ती लाल शाईने त्यावर काट मारी.

“फेऱ्या किती आहेत?” तिने विचारलं.

“आठ.”

“आठ सत्ते छप्पन्न,” ती डब्याला झाकण लावत म्हणाली. “छप्पन्न मिनिटांची सहल. एकही सोडणार नाही.”

आणि खरोखरच सोडलं नाही. दुसऱ्या फेरीला धाकट्या जावेची यथेच्छ निंदा झाली. तिसऱ्या फेरीला त्याने हळूच सांगितलं की, हल्ली गुडघा दुखतो. तिने पँट वर करायला लावून गुडघा पाहिला आणि इतके दिवस का लपवलं म्हणून भांडली. भांडण अर्ध्यावर आलं आणि वेळ झाली.

“आणखी दोन मिनिटं थांबलो तर कोण विचारणार आहे?”

“मी विचारणार. सोमवारी सकाळी. चला.”

चौथ्या फेरीला उरलेलं भांडण पुरं झालं. सातव्या फेरीला हसून हसून तिला ठसका लागला, कशावरून ते दोघांनाही नंतर आठवेना.

आठव्या फेरीला डबा रिकामा होता. पहाटे पाचला उठलेली ती, त्याच्या खांद्यावर डोकं टेकून काहीतरी सांगता सांगता मध्येच थांबली. त्याने वाकून पाहिलं, तर झोपली होती.

जाग आली तेव्हा सगळ्यात आधी तिने घड्याळ पाहिलं आणि ताडकन उभी राहिली. “अहो! पाच मिनिटं वर झाली! उठवलं का नाही?”

“आधी बसमध्ये चल,” तो म्हणाला.

डेपोत गाडी लागली. उतारू उतरून गेले. त्याने नोंदीचा कागद मांडीवर घेतला, आठव्या फेरीपुढे ‘उशीर: पाच मिनिटं’ असं लिहिलं, आणि पेन हवेतच धरून आरशातून तिच्याकडे पाहिलं.

“कारण काय लिहू, मॅडम? टायर? वाहतूक?”

तिने हात पुढे करून कागद आणि पेन त्याच्याकडून घेतलं. उशिराच्या आकड्याला हात लावला नाही. कारणाच्या रकान्यात, ड्यूट्या लावताना काढायची त्याच ठसठशीत अक्षरात तिने लिहिलं: शेवटच्या थांब्यावर वेळ अपुरा.

आणि खाली आपली सही केली.