नव्या तेलातला निळा रंग

मुलांनो, इंजिन न उघडता त्याच्या आत काय झिजतंय, हे तेलावरून कळतं. नागपूरच्या रेल्वे डिझेल शेडमधल्या केमिस्ट हेमलताबाई मेश्राम ते अचूक ओळखायच्या. इंजिनातलं वापरलेलं तेल जाळायचं, राख आम्लात विरघळवायची आणि वर अमोनिया घालायचा. निळा रंग आला, की तेलात तांबं उतरलंय. म्हणजे आत तांब्याचा थर असलेलं बेअरिंग झिजतंय.

असाच निळा रंग पाहून त्यांनी एकदा ड्रायव्हर तुळशीरामचं इंजिन थांबवलं होतं. उघडून पाहिलं तर बेअरिंगची साल निघालेली. घाटात ते जाम झालं असतं. तेव्हापासून तुळशीराम बाईंना विचारल्याशिवाय गाडीवर चढत नसे.

एका सकाळी त्याच्या इंजिनासाठी कोऱ्या तेलाचे डबे आले. बाईंनी एक डबा उघडून तेल तपासलं. निळा रंग आला. त्यांनी काचेची भांडी पुन्हा धुतली, दुसरा डबा उघडला. रंग आणखी गडद झाला.

"काय बाई, कोऱ्या तेलालेही नाडी असते काय?" तुळशीराम हसला. "हे तर अजून कोणत्याच इंजिनात गेलं नाही."

"तेच तर पाहून राहिली मी. पण बेअरिंग झिजून राहिलं, भाऊ."

"कोणाचं?"

बाई त्या निळ्या रंगाकडेच पाहत होत्या. "आज ती घाटातली छिंदवाड्याची गाडी नेऊ नका."

तुळशीराम तिसरा, सीलबंद डबा उचलायला वाकला आणि त्यानं हात झटकन मागे घेतला.

पत्रा तापलेला होता, नुकतंच घाट चढून आलेल्या इंजिनासारखा.